कुसुमताईंचं हमिंग

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्याच दुपारी दार वाजलं. बाहेर खालच्या मजल्यावरच्या एक उंच, काटकुळ्या बाई उभ्या. पदर खोचलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर. नावगाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, "तुमचा फ्रिज जरा बंद करता का?"

मी गोंधळले. "का हो, आवाज येतो का खाली?"

"तक्रार न्हाय माझी. माझ्या मशीनला हमिंग येतंय. ते तुमच्या फ्रिजचं हाय का माझ्या घरचं, तेवढं कळू दे की."

मी फ्रिज बंद केला. त्या भराभर जिना उतरल्या आणि जरा वेळानं खालून ओरडल्या, "चालू करा! तुमचा न्हाय!"

कुसुमताई माने टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तरुणपणी नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायच्या, मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत. त्यांचा अॅम्प्लिफायर बंद पडलेल्या एका टॉकीजमधून आणलेला, जुना व्हॉल्व्हचा. बटण दाबलं तरी आधी काहीच व्हायचं नाही. मग आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू नारिंगी व्हायच्या, आणि गिटारच्या सुराआधी यायचं ते हमिंग. लांबच्या कारखान्यात माग चालू असावेत तसं, एकसारखं, न थांबणारं. "नवा घ्या की एखादा," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "नव्यात तार नुसती बोलते. ह्याच्यात रडते."

बाईंना स्वस्थता कशी ती नव्हती. चहा ठेवायच्या आणि तो उतू जाईस्तोवर ट्रान्सफॉर्मरची जागा बदलत बसायच्या. आपण बोलत असलो की मध्येच मान तिरकी करून, "थांब, थांब, वाढलं बघ," म्हणत उठायच्या. ट्यूबलाइट मालवायच्या, वायरी एकमेकींपासून लांब करायच्या, व्हॉल्व्हवर बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची टोपी चढवायच्या. कंडेन्सर बदलले की दोन-चार दिवस चेहरा फुललेला. मग पुन्हा तेच. "आवाज जात न्हाय गं," म्हणायच्या, "कोपरा बदलतो."

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटायचं. इमारतीच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता. मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरलेला, वर सिमेंटचं झाकण. विजेची गळती जमिनीत जावी म्हणून तो ओला राहावा लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईल तेव्हा येईल, पण पहिली कळशी कुसुमताई त्या खड्ड्यात ओतायच्या. "तुळस एक वेळ वाळली तर नवी लावता येते," एवढंच सांगायच्या.

माझा दीर टीव्ही दुरुस्त करायचा. एकदा त्यानं सहज अॅम्प्लिफायर उघडला आणि म्हणाला, "ताई, ही अर्थची वायर सोडवून टाकू का? हमिंग लगेच जातंय बघा." कुसुमताईंनी त्याच्या हातातली पक्कड हिसकावून घेतली. "हात लावायचा न्हाय तिला! ऊठ!" तो बिचारा चहा न घेताच गेला. कुसुमताई खोलीत येरझाऱ्या घालत राहिल्या, आणि मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी मला सांगितलं.

उषा त्यांची मैत्रीण, अक्कलकोटची. ऑर्केस्ट्रात गायची, पण तिचा जीव पेटीत. एका गणपतीच्या मांडवात हमिंग फार येत होतं. कुसुमताई साउंडवाल्यावर चिडल्या, "काय पण कर, पण हे बंद कर." त्यानं त्यांच्या अॅम्प्लिफायरची अर्थ काढली. आवाज एकदम थांबला. त्या खुशीत वाजवायला बसल्या. गाता गाता उषानं एका हातात माईक धरून दुसऱ्या हातानं त्यांची घसरणारी गिटार सावरली, आणि तिथंच चिकटली. कुणीतरी मेन स्विच पाडला म्हणून वाचली. पण तिच्या डाव्या हाताची बोटं आखडली ती कायमची. पेटीचा भाताही तिला धड ओढता येईना.

"सगळे म्हणाले, मांडव ओला होता," कुसुमताई म्हणाल्या. "मी पण तेच म्हणाले. अजून तेच म्हणते."

"उषाताईंना माहीत नाही?"

"भेटते की अधूनमधून. तोंड उघडत न्हाय माझं."

पुढच्या थंडीत टेलिफोनच्या निवृत्त मंडळींचा मेळावा ठरला. कुसुमताई कितीतरी वर्षांनी लोकांसमोर वाजवणार होत्या. त्यांच्या साथीनं मी एक गाणं म्हणणार होते. कुसुमताईंनी बोलावलं म्हणून आलेल्या उषाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, डावा हात पदराखाली घेऊन. कार्यक्रमाआधी वाजवून बघताना हॉलभर हमिंग घुमायला लागलं. साउंडवाला स्टेजमागं गेला, काहीतरी खटपट केली आणि आवाज बंद. अगदी बंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत कुसुमताईंकडे पाहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"माईक खाली ठेव," त्या मला म्हणाल्या. "ठेव आधी! कुटं हात लावू नको." गिटार खाली ठेवून त्या उठल्या, पडद्यामागं गेल्या आणि भिंतीतला प्लग उपटला. अर्थची पिन काढून टाकलेली होती.

"काकू, त्याशिवाय जाणार न्हाय हो आवाज," साउंडवाला म्हणाला.

"नको जाऊ दे. दुसरा प्लग लाव."

हमिंग परत आलं. पहिल्या रांगेतले लोक कुजबुजले. कुसुमताईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि त्याच्यावरच वाजवायला सुरुवात केली. त्या दिवशी त्यांची कांडी एकदोनदा चुकली, पण थांबल्या नाहीत. माझं गाणं मी कसं म्हटलं, ते मला आठवत नाही.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या गोळा होत असताना त्या थेट उषाताईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "उषा, त्या दिवशी मांडव ओला नव्हता. अर्थ मी काढायला लावली."

उषाताई म्हणाल्या, "हे आज सांगतीस व्हय?"

"आज ते बंद झालं तसं माझा जीव गेला."

"तुझा?" उषाताई म्हणाल्या. पदर सावरून त्या उठल्या आणि रिक्षा बघायला बाहेर गेल्या. मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर कुसुमताईंनी अॅम्प्लिफायरला हात लावला नाही. दिवसभर जिन्यात वर-खाली करायच्या. फोन वाजला की धावायच्या, तो बँकेचा नाही तर गॅसवाल्याचा. "शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं," एवढंच म्हणायच्या.

उन्हाळा लागता लागता उषाताई आल्या. एकट्या, एस.टी.नं. दारातून आत येऊन, पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "माझा राग गेलेला न्हाय. जाणार बी न्हाय. गिटार काढ." आणि त्या गायल्या. गळा बसलेला, श्वास पुरत नव्हता. कुसुमताई त्यांच्या मागं मागं कांडी सरकवत राहिल्या. दर महिन्याला मग त्या येत राहिल्या. कधी एखाद्या शब्दावरून पुन्हा तो मांडव निघायचा, आवाज चढायचे, उषाताई जेवण टाकून निघून जायच्या. पुढच्या महिन्यात पुन्हा दारात.

कुसुमताई गेल्या वर्षी हृदयविकारानं गेल्या. दहाव्याच्या दिवशी सगळे पांगल्यावर उषाताई आणि मी त्यांच्या रिकाम्या खोलीत बसलो होतो. मी धीर करून विचारलं, "शेवटी तरी राग गेला होता का हो?"

उषाताईंनी नकारार्थी मान हलवली. डाव्या हाताची आखडलेली बोटं त्या उजव्या हातानं चोळत राहिल्या.

"राग हाय की अजून," त्या म्हणाल्या. "पण तो काढायला ती पाहिजे होती गं."