कान परत आले

आम्ही दोघं भावंडं इथं कानडी मुलखात, जयनगरात, कानाचे साचे करतो. ज्यांना ऐकायला कमी येतं, त्यांचं यंत्र कानात नीट बसावं म्हणून त्याला मऊ, पारदर्शक मोल्ड लागतो. प्रत्येक माणसाचा वेगळा. एवढंच काय, एकाच माणसाचा डावा कान उजव्यासारखा नसतो. दवाखान्यातून गुलाबी लगद्यात घेतलेले कानांचे ठसे आमच्याकडे येतात. त्यांचं स्कॅन करायचं, ते कॉम्प्युटरवर साफ करायचं, मग प्रिंटरवर मोल्ड काढून घासूनपुसून परत धाडायचा. आजोबा चिक्कपेटेच्या जुन्या बाजारात शिंपी होते, म्हणून अण्णा चेष्टेनं म्हणतो, "आपण अजून मापंच घेतोय."

अण्णा माझ्याहून मोठा. यंत्रांवर त्याचा हात, हिशेब नि फोन माझ्याकडे. स्कॅनच्या फाइली तो एका हार्ड डिस्कवर उतरवून कपाटात ठेवायचा. कपाट कॉम्प्युटरच्या शेजारीच. दवाखान्यातल्या एका ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाईंनी मला विचारलं, "कॉम्प्युटर आणि डिस्क, दोन्ही एकदम गेली तर?" त्या प्रश्नानं माझी झोप उडाली. मी चौकशी करून एका कंपनीकडे फाइलींची प्रत रोज आपोआप दूर पाठवायची सोय केली. अण्णाला ते पटलं नव्हतं. "आपल्या गिऱ्हाइकांचे कान परगावी कशाला? कुणी बघितले तर?" कंपनीनं समजावलं, की फाइली इथूनच कुलूप लावून निघतात आणि चावीचं वाक्य, म्हणजे पासवर्ड, फक्त तुमच्याकडे राहतं. शेवटी अण्णा म्हणाला, "सरी, ठीक आहे. मग वाक्य मी ठरवणार."

रविवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी घालत होते. आमच्या जागेखालच्या चकली-निप्पट्टूच्या दुकानदाराचा फोन आला. "अक्का, वरून धूर येतोय, लवकर या."

आम्ही पोचलो तेव्हा बंबवाले पाइप गुंडाळत होते. यूपीएसच्या बॅटरीनं पेट घेतला होता. जिवाला कुणाच्या धक्का लागला नव्हता, खालचं दुकानही वाचलं. आमची खोली मात्र आतून काळीठिक्कर. प्रिंटर वितळून खाली बसला होता. ठशांच्या डब्यांचा एकच चिकट गोळा झाला होता. अण्णानं कपाटाचं दार फडक्यानं धरून उघडलं आणि हार्ड डिस्क बाहेर काढली. तिचं झाकण फुगलं होतं. ती हातात घेऊन तो जिन्यातच बसला. मी शेजारी बसले. 

सोमवारी सकाळी विमानतळाच्या बाजूनं, देवनहळ्ळीच्या इस्पितळातून, एका मुलीचा फोन आला. तिची आई आमची जुनी गिऱ्हाईक, निवृत्त शाळामास्तरीण. त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. मानेला पट्टा, उजव्या कानावर बँडेज, डोळे सुजून बंद. डाव्या कानाचं यंत्र वाचलं होतं, पण त्याचा मोल्ड फुटला होता.

"डॉक्टर विचारतात पाय हलवा, बोट कुठं लावलंय सांगा. आईला काही ऐकूच येत नाही," ती मुलगी कानडीत सांगत होती. "लिहून दाखवावं तर डोळे उघडत नाहीत. ते म्हणतात, डोक्याला मार लागून भान गेलंय. मी सांगून थकले, भान आहे हो, फक्त ऐकू येत नाही. तुम्ही येऊन माप घ्याल का?"

माप घेणं शक्य नव्हतं. त्यासाठी डोकं कुशीवर वळवावं लागतं आणि मान तसूभरही हलवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांचं माप आमच्याकडे होतं. म्हणजे शनिवारपर्यंत होतं.

मी जेवणाच्या टेबलावर अण्णाचा लॅपटॉप उघडला आणि बॅकअपच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक बाई होती. मी हिंदीत सुरुवात केली आणि मध्येच अण्णावर मराठीत ओरडले. तशी ती बाई म्हणाली, "मराठी बोला की ओ अक्का, मी बेळगावचीच आहे."

मी सगळं भडाभडा सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "काय भिऊ नका. तुमचं सगळं दोन जागी आहे, एक मुंबईकडं नि एक हैदराबादला. सगळं एकदम उतरवायला वेळ जाईल. आधी त्या आजींचा कान काढूया की. पण चावी तुम्हीच घालायची. आम्हाला आतलं काही दिसत नाही, उघडताही येत नाही."

चावीचं वाक्य अण्णानं ठरवलं होतं. बाबा रोज रात्री ताटावर जे म्हणायचे तेच: 'स्वल्प भात वाढ'. आता ते बदललंय, म्हणून सांगते. अर्धं कानडी, अर्धं मराठी, आमच्या घरातल्या बोलण्यासारखं. पण इंग्रजी अक्षरांत लिहायचं होतं. अण्णानं टाइप केलं. चूक. पुन्हा केलं. पुन्हा चूक. 

"वाक्य बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"बाबांचं वाक्य मी विसरेन का? स्पेलिंग... 'वाढ'ला ए किती घातले होते?"

"हळू करा," फोनमधली बाई म्हणाली. "मनातल्या मनात नका, मोठ्यानं म्हणा आणि जसं तोंडात येईल तसं लिहा."

अण्णा मोठ्यानं म्हणाला. अगदी बाबांच्या सुरात, 'वाढ' लांबवून. आणि लांबवलं तसंच, जास्तीचे ए घालून, लिहिलं.

पडद्यावर एक हिरवी रेघ पुढे सरकू लागली. मग मास्तरीणबाईंचा डावा कान उघडला. मी तो बोटानं फिरवून पाहिला. आतल्या वळणापाशी एक बारीकसा उंचवटा होता. मोल्ड करताना तिथं नेहमी जपून घासावं लागायचं. तोही होता. आमच्या खोलीची राख झाली होती, आणि मी न पाहिलेल्या कुठल्याशा दोन इमारतींत हा उंचवटा जसाच्या तसा राहिला होता. तो सांभाळणाऱ्यांना आपण काय सांभाळतोय हे ठाऊकही नव्हतं.  अण्णानं पडद्याला सावकाश हात जोडले. देवळातसुद्धा तो घाईनं जोडतो.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत अण्णाच्या ओळखीचे एकजण दातांच्या कामासाठी तसाच प्रिंटर चालवतात. त्यांनी हातातलं काम थांबवून आमचा मोल्ड काढून दिला. अण्णानं तिथंच उभ्यानं तो घासला. मग टॅक्सीनं देवनहळ्ळी. मी सारा रस्ता ती लहानशी डबी मांडीवर धरून बसले होते.

मास्तरीणबाई उताण्या पडल्या होत्या. चेहरा सुजलेला, ओठ घट्ट मिटलेले. उशाशी मुलगी, पायाशी तरुण डॉक्टर. मी यंत्राला मोल्ड जोडला, मान न हलवता कानाची पाळी जरा मागे ओढली आणि तो आत सरकवला. किंचित फिरवला, तसा तो बसला. यंत्र सुरू केलं.

 बाई स्पष्ट कानडीत म्हणाल्या, "कोण रडतंय ते? तिला पाणी द्या कुणीतरी."

मुलगी रडतच हसू लागली. डॉक्टर पुढे झाला आणि वाकून हळू आवाजात म्हणाला, "आजी, पाय हलवून दाखवता?"

"आता विचारलंत तर दाखवते," बाई म्हणाल्या, आणि चादरीखाली दोन्ही पाय हलले.

पुढे त्या बऱ्या झाल्या. मान पूर्वीसारखी वळत नाही, पण चालतात.

बाकीचे कान पुढच्या काही दिवसांत येत राहिले. आम्ही दोघं चहाचे कप घेऊन त्या लॅपटॉपसमोर बसायचो. म्हाताऱ्यांचे, तान्ह्या बाळांचे, एका बसकंडक्टरचे, देवळात सनई वाजवणाऱ्या एकांचे. एकही दुसऱ्यासारखा नाही. इतकी वर्षं ते हातांखालून गेले होते, पण असे ओळीनं, सगळे एकत्र, आम्ही कधी पाहिले नव्हते. अण्णा मध्येच म्हणायचा, "हा बघ, हा बघ," आणि पुढचा कान उघडायचा.

सगळेच परत आले असं नाही. शनिवारचं पाठवणं झाल्यानंतर संध्याकाळी जे स्कॅन केले होते, ते गेले. त्यांना फोन करून पुन्हा ठसे द्यायला बोलवावं लागलं. नवी जागा लावून झाल्यावर त्यांतले एक आजोबा मल्लेश्वरमहून कुरकुरत आले. त्या ऑडिओलॉजिस्ट बाई मुद्दाम आमच्याकडे आल्या होत्या; त्यांनी कानात गार लगदा भरला, तसे ते गुदगुल्या होऊन मोठ्यानं हसले. "हलू नका," बाई ओरडल्या. ते हसू दाबत डोळे मिटून बसून राहिले. लगदा घट्ट होईपर्यंत अण्णा त्यांच्या कानाकडे असा बघत होता, की आजोबांनी एक डोळा उघडून विचारलं, "एवढं काय आहे हो त्यात?"