सातवी

सिदिका आब्लाने मोजा कोपरापर्यंत हातात चढवला, उलटा केला आणि भिंतीवर दोनदा आपटला. काळा चिखल उडाला. आमच्या यामाचस्पोर फुटबॉल क्लबच्या पोरींचे मोजे असे आपटावेच लागतात, नाहीतर मशीन महिनाभर कोळसा ओकत बसतं. झोंगुल्दाकची माती आहे ही, खाणीच्या बाजूची. धुण्याची ही रीत आब्लालाच ठाऊक. सतरा वर्षं टीमचे कपडे तीच धुते, आणि सगळ्या पोरी तिला ताई, म्हणजे आब्लाच म्हणतात. तिला कुणी धोबीण म्हणून बघावं, मग आमच्याशी गाठ आहे.

तेवढ्यात गोलकीपर इल्काय धाडकन दार उघडून आत आली.

"आब्ला, ऐकलंस का? पेरिहान आब्ला येतेय!"

"कोण पेरिहान?"

"कोण म्हणजे? जुन्या टीमची कॅप्टन! शनिवारी येतेय, इझमिरहून. क्लबला तीस वर्षं झाली ना, जुन्या बायकांचा मैदानात फोटो काढायचाय. आणि एक सांग, क्लबातल्या त्या जुन्या टीमच्या फोटोत डावीकडून दुसरी तू आहेस की नाही?"

आब्ला दुसरा मोजा उलटा करायला लागली. "असेन."

"असेन काय? तू खेळायचीस? सतरा वर्षं आमचे घाणेरडे मोजे धुतेस आणि कधी तोंडातून काढलं नाहीस?"

"बाकावर बसायचे."

"फोटोत तर उभी आहेस."

"फोटोपुरती उभी केली असेल."

मागून दोघीतिघी हसल्या. आब्ला हसली नाही. तिने तोच मोजा परत सुलटा केला, परत उलटा केला. इल्कायच्या ते लक्षात आलं.

खरी गोष्ट अशी. सिदिका बाकावर बसणारी नव्हती, डावी बॅक होती. चांगली होती. समोरचीला अशी अडवायची की ती पोरगी दुसऱ्या हाफमध्ये त्या बाजूला फिरकायचीच नाही. चौऱ्याण्णव साली मुझफ्फर होजांनी ही टीम काढली. होजा म्हणजे गुरुजी, आमच्याकडे कोचलाही तेच म्हणतात. खाणीतून रिटायर झालेला माणूस, चार शब्द बोलले की खोकायचे. पहिल्या वर्षी बावीस पोरी होत्या. मग कुणाचं लग्न झालं, एकीच्या भावाने बूट चुलीत घातले, दोघी इस्तंबूलला कामाला गेल्या. अठ्ठ्याण्णवच्या वसंतात उरल्या नऊ. त्यातल्या दोघी जायबंदी.

आता नियम असा की मैदानात सातपेक्षा कमी असल्या तर रेफरी मॅच सुरूच करत नाही. समोरच्यांना तीन गोल बहाल. चेंडूला पाय न लावता हरायचं, त्याला आमच्याकडे हुकमेन हरणं म्हणतात. मार्चमध्ये एकदा तसं झालं होतं. दुसऱ्यांदा झालं की लीगमधून नाव कट.

त्याच वसंतातल्या एका शनिवारी संध्याकाळी पेरिहान दारोदार फिरली. सिदिकाच्या दारातही आली, धापा टाकत. यामाच म्हणजे उतार, आणि सिदिकाचं घर अगदी वरच्या टोकाला.

"हे बघ, उद्या आपण बरोब्बर सात आहोत. तू आली नाहीस तर टीम संपली. कळलं का?"

"येते ग. मी कुठे जाणार?"

"आईची शपथ?"

"शपथ!"

रविवारी सकाळी बूट पिशवीत, पिशवी जिन्याखाली. मॅच अकराची. साडेदहाला आईने तिला मोरीपाशी पकडलं. "तोंड धू, स्कर्ट घाल. मकबुले हानुम येतायत, रिफ्कीची आई."

"आज?"

"मग काय तुला विचारून येतील? चल, कॉफी तुलाच करायचीय."

हानुम म्हणजे बाई. मुलगी बघायला बायका येतात तेव्हा कॉफी मुलीनेच करायची. फेस किती आला, ट्रे हलला का, सगळं बघतात. तिथून उठून जाणं म्हणजे आईच्या तोंडाला काळं फासणं. हे सिदिका स्वतःला नंतर कितीदा सांगत आली. पण तीच म्हणते, पाय कुणी बांधले नव्हते. मागचं दार उघडं होतं.

तीन बायका आल्या, चॉकलेटचा डबा घेऊन. सिदिका ट्रे घेऊन वाकली आणि मकबुले हानुमची नजर तिच्या गुडघ्यावर गेली. मातीच्या मैदानात घसरून खपली धरलेली, चांगली तळहाताएवढी.

"अगं बाई, हे काय?"

बरोबरच्या मावशीने लगेच काडी टाकली. "खाली पोरी चेंडू खेळतात म्हणे, अर्ध्या चड्ड्या घालून. तू नाहीस ना त्यातली?"

आई ट्रेकडे बघत राहिली.

"नाही," सिदिका म्हणाली. "मी फक्त त्यांचे कपडे धुते."

"धू हो धू," मकबुले हानुम म्हणाल्या. "पुण्य लागेल. साखर मात्र मला कमी घाल."

खिडकी उघडी होती. खाली मैदान. सिदिका तिकडे बघत नव्हती, पण कान तिकडेच. अकरा वाजले. शिट्टी नाही. सव्वाअकरा झाले, शिट्टी नाही. मग पाहुण्या टीमची बस हॉर्न वाजवत, गाणी म्हणत उतार चढून निघून गेली. सिदिकाने मकबुले हानुमच्या दुसऱ्या कपात साखर दोनदा घातली.

नाव कट झालं. होजांनी चेंडूंची जाळी घरी नेऊन खिळ्याला टांगली. तीन वर्षांनी ते गेले, तेव्हा सिदिका सगळ्यांत मागे उभी होती, डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढून. पेरिहान तिला फक्त एकदा भेटली, बेकरीपाशी. सिदिकाला बघून ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. सिदिकाला वाटलं, बरोबरच आहे. तिच्या जागी मी असते तर थुंकले असते.

पुढे रिफ्कीशी लग्न झालं, दोन पोरं झाली. माणूस वाईट नाही, कॉफीहाऊसमध्ये पडलेला असतो. दोन हजार सात साली नवी टीम उभी राहिली तेव्हा सिदिका पहिल्याच आठवड्यात गेली आणि म्हणाली, कपडे मी धुते. सासूला सांगितलेलं खोटं तिने असं खरं करून टाकलं. स्वतःला दिलेली शिक्षाच ती. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तर, शनिवार जवळ यायला लागला. बुधवारी आब्ला म्हणाली, पोट दुखतंय. गुरुवारी म्हणाली, भाच्याची सुंता आहे.

"तुझा भाचा मिलिटरीत आहे," इल्काय म्हणाली. "दोनदा करणार का त्याची? खोटं बोलायचं तर नीट बोलावं माणसाने."

आब्लाने हातातली जर्सी बादलीत टाकली. आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. कॉफी, गुडघा, बस, सगळं. "सातवी मी होते," ती म्हणाली. मान खाली. लाल पडलेले हात एप्रनमध्ये लपवत होती.

धुण्याच्या खोलीत चार पोरी होत्या. नेवरा, आमची विंगर, हिला जीभ आवरत नाही. "म्हणजे नऊ वर्षं क्लब बंद होता तो तुझ्यामुळे?"

"नेवरा, तोंड बंद कर नाहीतर मोजा कोंबेन," इल्काय म्हणाली.

"बोलू दे तिला. खरंच बोलतेय," आब्ला म्हणाली.

"खरं असू दे. ऐक आब्ला. तू तेव्हा वीस वर्षांची होतीस. आता शनिवारी पण पळालीस तर मात्र मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि मोजे तुझ्या बैठकीच्या भिंतीवर येऊन आपटेन, नव्या रंगावर."

शनिवारी आब्ला आली. एप्रन तसाच, मुद्दाम. मैदानाच्या मधोमध जुन्या आठ-नऊ बायका उभ्या होत्या, गळ्यात गळे घालून रडत-हसत. पेरिहान जाड झालीय, केस रंगवलेले, चष्मा. आब्ला सरळ तिच्यासमोर गेली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"पेरिहान, त्या रविवारी मी आले नाही. घरात लपले होते."

पेरिहानचं तोंड एकदम लाल झालं. ती बुटांकडे बघायला लागली. "सोड ग ते."

"नाही सोडणार. तू दारात येऊन सांगितलं होतंस. मी आईची शपथ घेतली होती."

"सोड म्हटलं ना!" ती एवढ्या जोरात ओरडली की फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला.

मग तिने आब्लाचा हात धरला. घट्ट. फोटो होईपर्यंत धरून ठेवला. फोटोत सगळ्या समोर बघतायत, या दोघी खाली. फोटो झाल्यावर पेरिहान चहालाही थांबली नाही. बस आहे म्हणाली आणि गेली.

"नाही ना केलं माफ," आब्ला परत येऊन म्हणाली. "तिचं बरोबर आहे. माझ्या हातचा चहा मीही घेतला नसता." आणि ती जर्स्या भिजवायला बसली. इल्काय तिच्या शेजारी बसली आणि मोजे आपटायला लागली. चुकीचे आपटत होती, आब्लाने शिकवलं.

ऑक्टोबरमध्ये क्लबच्या भिंतीवर लावायला इल्कायने फुटबॉल संघटनेच्या ऑफिसातून जुने मॅच रिपोर्ट मागवले. त्यात त्या रविवारचाही निघाला. रेफरीने यामाचस्पोरच्या हजर खेळाडूंची नावं हाताने लिहिली होती. नावं पाच होती, सहा नाही. आणि कॅप्टनच्या सहीच्या जागी मुझफ्फर होजांनी सही केली होती, कारण पेरिहानही त्या दिवशी आली नव्हती.