गाळाच्या तळ्यापाशी आलेला कांद्याचा वास

मी नामपूरचा. रसायनशास्त्रात बीएस्सी केलं, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो... प्रयोगशाळेत सापडत नाही ते नाहीच, असं माझं साधं मत. आता सांगतो ते सुद्धा माझ्या एकट्याच्याच नाकाला जाणवलं असतं, तर कधीच सोडून दिलं असतं.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मला कर्नाटकात, रेल्वेपासून खूप लांब, एका सोन्याच्या खाणीत नोकरी लागली. सोनं वेगळं करायला सायनाइड वापरतात. उरलेला विषारी गाळ पाइपाने एका तळ्यात सोडत. खालच्या गावाच्या विहिरीचं पाणी तपासणं माझं काम, आणि 'पाणी चांगलं आहे' हे गावाला सांगणंही माझंच. गावचे पंच बसप्पा तरुणपणी सोलापूरच्या गिरणीत होते, त्यामुळे मराठी बोलायचे.

"सार, तुमी चांगलं म्हणता म्हणून आमी पितो. मेलो तर वरून येऊन तुमालाच धरतो."

"आधी मी पितो की तुमच्यासमोर," असं म्हणून मी तांब्या तोंडाला लावायचो.

जत्रा दोन दिवसांवर आली होती. सगळे पाहुणे त्याच विहिरीचं पाणी पिणार. मी नमुना तपासला, तो स्वच्छ होता. खाणीतल्या एका कामगाराला घेऊन बसप्पांना सांगायला निघालो, तर ते वाटेत पाइपाजवळच भेटले. भर दुपार. आणि तिथे मला एकदम वास आला — सडक्या कांद्याचा.

आमच्या कांदाचाळीत तो वास हुडकायचं काम लहानपणी माझं असायचं. आत एक कांदा सडला तरी वरून काही दिसत नाही. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "डोयाले दिखस नई, ते नाकले इचार." वास दाट होईल तिथे हात घालायचा.

पण इथे चहूकडे ज्वारी नि तूर. घरची आठवण येत असेल, असं समजून मी पुढे निघालो. तेवढ्यात बसप्पांनी रुमालाने नाक दाबलं.

"सार, हितं कांदा कुणी कुजवला?"

मी तर एक शब्दही बोललो नव्हतो...

दोघे वासामागे गेलो. तो दाट झाला तिथली माती वरून कोरडी होती. माझ्याबरोबरच्या कामगाराला कसलाच वास येत नव्हता, तो हसत होता. तरी खणायला लावलं. हातभर खाली माती ओली लागली. पाइपाचा जोड झिरपत होता, आणि उतार विहिरीकडे. माती तपासली — सायनाइड.

पाइप लगेच बंद केला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "गावाला जत्रेनंतर सांगू."

"सर, मग यापुढे माझ्या शब्दावर ते पाणी कसे पितील?"

ते खुर्चीवरून उठले, आणि स्वतः माझ्याबरोबर गावात आले. जत्रा टँकरच्या पाण्यावर झाली. विहिरीत विष शेवटपर्यंत उतरलं नाही. पुढे गावातल्या दोन बायका नमुने घ्यायला माझ्याबरोबर येऊ लागल्या, नि बसप्पांची ती मरणाची थट्टा बंद झाली.

सायनाइडला कांद्याचा वास नसतो. त्या मातीलाही नव्हता. नंतर तिथे तो कधी आलाही नाही.

सुट्टीत घरी कांदाचाळीत बसून दादांना सगळं सांगितलं. वाटलं, ते तरी काही अर्थ लावतील. त्यांनी एक सडका कांदा बाहेर भिरकावला.

"मंग पानी वाचनं ना?"

"वाचलं."

"मंग झायं."

याहून वेगळं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.