सहा रविवारच्या सह्या

ती घटना आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. गुन्हा नाकारणारी माणसं मी नोकरीभर पाहिली. पण एकाच गुन्ह्याची कबुली तिघांनी वेगवेगळी द्यावी आणि तिघांनीही 'हे एकट्यानं केलं' म्हणून सांगावं, असं एकदाच घडलं.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. पूर्व नागपुरातल्या एका ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच एका विद्यापीठाचे विद्यार्थी कल्याण अधिकारी आले. त्यांच्या पिशवीत एक जाड रजिस्टर आणि एक निनावी पत्र होतं.

आरोग्य शिक्षणात चांगलं सांघिक काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्यांचं विद्यापीठ दरवर्षी पुरस्कार देतं. त्या गटानं आपल्यातलं एक नाव सुचवायचं. त्या विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते. अट अशी, की कामासाठी निवडलेल्या गावाच्या प्रत्येक भेटीला गटातल्या सगळ्यांनी हजर राहून रजिस्टरवर सही करायची. त्या वर्षी नर्सिंगच्या चौघांची निवड झाली होती. ते दर रविवारी पारशिवनीकडच्या एका गावात जात आणि सिकलसेलबद्दल, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराबद्दल, लोकांना समजावत. लग्न ठरवण्याआधी मुलामुलीचं रक्त तपासून घ्या, लपवू नका, हे त्यांचं मुख्य सांगणं. शिष्यवृत्तीसाठी गटानं चौघांपैकी एका मुलीचं नाव दिलं होतं.

पत्रात लिहिलं होतं, की त्याच मुलीच्या सहा रविवारच्या सह्या खोट्या आहेत. त्या दिवशी ती गावात नव्हतीच.

"समारंभ तोंडावर आला आहे," अधिकारी म्हणाले. "गुन्हा दाखल करायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा."

मी त्यांचा लेखी अर्ज चौकशीवर घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि आधी बाकीच्या तिघांना बोलावलं. तिघांना वेगवेगळं बसवलं, चहा दिला. चहा पिताना माणसाचा हात कसा राहतो, त्यावरून मला बरंच कळायचं.

पहिला रामटेककडचा मुलगा. त्यानं चहाला हातच लावला नाही.

"साहेब, सह्या मीच केल्या. तिले काही माहीत नाही. बाकीच्या दोघायलेही माहीत नाही."

"काहून केल्या?"

"तिचं नाव कटून राहिलं होतं. हजेरी कमी पडत होती."

"मग ती होती कुठं?"

"ते मी नाही सांगत. तिनं कॉलेजात कोणाले सांगू नका म्हटलं होतं."

माझे हवालदार खुश झाले. अर्ध्या तासात प्रकरण निकाली निघालं, असं त्यांना वाटलं. मग गटप्रमुख मुलगी आत आली. चष्मा पुसत शांतपणे म्हणाली, "सह्या मी केल्या, सर. एकटीनं." तिसरा शहरातलाच मुलगा होता. त्यानंही तेच सांगितलं. ती कुठं होती, हे तिघांपैकी कोणीही बोललं नाही. हवालदारांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "साहेब, आता जबाब कोणाचा खरा धरायचा?"

मला वाटलं, तिघं ठरवून आले आहेत. मी प्रत्येकाकडून त्या मुलीच्या नावाच्या नमुना सह्या घेतल्या आणि रजिस्टरशेजारी ठेवल्या. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं, की प्रत्येकाच्या हाताच्या दोन-दोन सह्या आहेत. म्हणजे तिघांनीही खरं सांगितलं होतं. 'एकट्यानं' हा एक शब्द तेवढा खोटा होता.

तरीही उलगडा होईना. सह्या खोट्या, तर काम तरी खरं होतं का? दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन त्या गावी गेलो. तिथल्या आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, अंगणवाडीच्या ओट्यावर भेटल्या. मी त्यांना मुलीचा फोटो दाखवला.

"ही येत होती का?"

"येत होती ना."

"या सहा रविवारीही?"

"तवा मोबाईलवर येत होती, साहेब. दवाखान्यातल्या खाटेवरून. हाताले सलाईन, अन् तशीच बोलून राहायची. ह्या पोरायचं कोणी ऐकत नव्हतं. तिचं ऐकलं. तिलेच तो आजार हाय म्हणून. त्या सहा रविवारीच लोकं तपासणीले तयार झाले."

परतीच्या रस्त्यावर मी ते निनावी पत्र पुन्हा काढलं. निनावी पत्रं मी शेकड्यांनी वाचली आहेत. त्यांत राग असतो, शिव्या असतात, नको तितके आरोप असतात. या पत्रात सहा तारखा अचूक होत्या आणि शेवटी लिहिलं होतं, 'बाकी तिघांना काही करू नये.' असं लिहिणारा शत्रू मला आजवर भेटला नव्हता.

महिला शिपाई सोबत घेऊन मी त्या मुलीच्या घरी गेलो. लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरामशिनींमागे दोन खोल्यांचं घर. मुलगी अशक्त होती, डोळे पिवळसर. मी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यातल्या तारखांमध्ये ते सहाही रविवार येत होते.

"पत्र तूच लिहिलंस?"

तिनं मान डोलावली. "निवड झाल्यावर रजिस्टर पाहिलं तवा कळलं. मले वाटलं, फक्त माझं नाव काढतील. पोलीस येतील असं नव्हतं वाटलं."

"शिष्यवृत्ती गेली तर पुढं शिकणार कशी?"

"माहीत नाही." मग म्हणाली, "साहेब, मी लोकायले सांगत होती, रिपोर्ट लपवू नका. अन् माझ्याच नावावर खोटं कसं ठेवू? मी हजर नव्हती, असंच लिहा."

बाहेर येऊन मी जीपमध्ये रजिस्टर पुन्हा उघडलं. फसवलं कोणी, कोणाला, हे मला सांगता येत नव्हतं. गुन्हा दाखल करावा असा हेतू दिसला नाही, म्हणून अर्ज दप्तरी दाखल करून चौकशी बंद केली आणि अहवाल विद्यापीठाला पाठवला. आशाताईंचा जबाब मुद्दाम सोबत जोडला. विद्यापीठानं नियमावर बोट ठेवलं. पुरस्कार आणि शिष्यवृत्ती दुसऱ्या गटाला गेली.

पत्र कोणी लिहिलं, हे तिनं स्वतःच तिघांना सांगितलं. रामटेकचा मुलगा महिनाभर तिच्याशी बोलला नाही, असं नंतर कळलं. पण चौघांचं रविवारी गावी जाणं थांबलं नाही. ती आता एका ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. मधूनमधून स्वतःच तिथं दाखल होते.

खोटं बोलणाऱ्याकडून खरं काढून घेणं, हेच आपलं काम, असं मी नोकरीभर समजत होतो. या प्रकरणानं शिकवलं, की सगळं खरं हाती आल्यावरही न्याय झाला का, हे कळत नाही. अहवालात तिच्या नावापुढं मी सहा वेळा 'गैरहजर' लिहिलं. शब्द बरोबर होता, तिनंही तोच मागितला होता. तो लिहिताना प्रत्येक वेळी माझा हात अडला, हे मात्र लिहायला त्या अहवालात रकाना नव्हता.