काकांचा कावळा आणि माझा बुद्ध

भिजल्या तिळाचा वास आला की मला मेडशीचा नदीकाठ आठवतो. काकांचा दहावा होता. मॅट्रिकला आपटलेला मी, बुद्धावरचं एकच पुस्तक वाचून पंडित झालो होतो. आपल्याकडे आत्मा देह बदलतो, पण बुद्ध म्हणतो असा कायमचा आत्माच नाही, हे मी काकूला तिथेच समजावलं.

"मंग हा पिंड कोनासाठी मांडला, बाबू?"

कावळा काही शिवेना. ऊन चढलं, काकूचा चेहरा उतरला.

"तुह्या बोलन्यानं रुसले ते. आता तूच मनव त्यायले!"

मी हात जोडले. "काका, तुमी आहात. जेवा आता!"

कावळा झपकन उतरला. काकू रडता रडता हसली.

बुद्ध हरला, असं मी अजूनही मानत नाही. पण 'तुमी आहात' म्हणताना मी हात कोणाला जोडले, ते त्या पुस्तकात सापडत नाही.