बोटीच्या गिअरबॉक्सात ट्रॅक्टरचं तेल

मला पाण्याचं लई भ्या वाटतं. हंड्यातल्या नाय, धरणातल्या. आमची जमीन पैठणच्या धरणात गेली, तेव्हा माझ्या नवऱ्यानं आणि थोरल्या दिरानं डोकं चालवून मुंबईहून एक जुनी मोटरबोट आणली. माणूस पायाला फळ्या बांधून उभा राहतो आणि बोट त्याला पाण्यावरून फराफरा ओढते, त्या खेळातली. आमच्याकडं कोण फळ्या बांधतंय! आम्ही सुट्टीला आलेल्या लोकांना बसवून चक्कर मारून आणायचो. हे बोट चालवायचे, भाऊजी काठावर तिकिटं फाडायचे. दोन्ही घरांची चूल त्यावरच पेटायची.

त्या उन्हाळ्यात बोटीचं लक्षण ठीक दिसंना. गिअरचा दांडा पुढं ढकलला तरी लगेच निघायची नाय. जरा थांबायची, मग हिसका देऊन निघायची. तापली की आणखीच आळस. मी म्हणायचे, "अहो, कुणाला तरी दाखवा." ह्यांचं एकच, "चालतंय की." छप्पर गळतंय, चालतंय. दाढ ठणकतीय, चालतंय. ह्या माणसाला काय चालत नाय ते एकदा मला कळू द्या!

एका दुपारी पुण्याचं एक कुटुंब आलं. त्यातली आजी बसायला घाबरत होती, म्हणून ह्यांनी मला तिच्या सोबतीला बसवलं. घ्या! भित्रीच्या सोबतीला भित्री. मधोमध गेलो आणि इंजिन एकाएकी किंचाळायला लागलं, पण बोट जागची हलंना. ह्यांनी दांडा मागं घेतला, पुढं घेतला. इंजिन बोंबलतंय, खालचा पंखा फिरत नाय. वारा सुटला होता आणि तो आम्हाला सरळ धरणाच्या भिंतीच्या दगडांकडं ढकलत होता. लाटा तिथं आपटून फुटताना दिसत होत्या. आजीच्या नातवाला मी इतकं आवळून धरलं की पोरगं रडायला लागलं. मासे धरणाऱ्यांनी होड्या आणून दोर टाकला म्हणून आम्ही वाचलो. काठावर उतरले तरी माझे दात वाजत होते, भर उन्हात.

आम्ही तिघांनी गिअरबॉक्स उतरवून पडेगावला नेला. दौलताबाद रोडवर एक चाचा ट्रकांचे गिअरबॉक्स खोलून, दुरुस्त करून बांधायचे. त्यांनी झाकण काढलं आणि असा जळका वास आला की सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले. आतल्या प्लेटी जळून कोळसा. "ये तेल किसने डाला?" चाचांनी विचारलं.

भाऊजी छाती काढून म्हणाले, "मी! ट्रॅक्टरचं हाय. सगळ्यात घट्ट."

बोट विकणाऱ्या मुंबईच्या माणसाला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. ह्या गिअरबॉक्सला पातळ लाल तेलच लागतं. ते बघून भाऊजींना वाटलं होतं, हे तर सरबत, ह्याच्यावर एवढी बोट कशी ओढंल? आमच्या शेतकरी डोक्यात घट्ट तेल म्हणजे तगडं तेल. त्यांनी सरबत ओतून दिलं आणि गूळ-काकवीसारखं तेल भरलं. ते आत फिरलंच नाय.

आता जुनाच बांधायचा का नवा आणायचा? मी चाचांना विचारलं, "बांधून दिला तर तुम्ही बसाल का बोटीत?"

"तोबा! भाबी, मैं तो नई बोट में बी नै बैठता. मेरेकू पानी का डर है." मला हसू फुटलं. मग ते म्हणाले, "नई प्लेटां डाल देता. चलेगा. कब तक, अल्ला जाने."

मी ह्यांना बाहेर ओढत नेलं. "अल्ला जानेवर मी नवरा पाण्यात पाठवणार नाय. माझ्या पाटल्या घ्या आणि नवा आणा."

"नवा नको."

"का? जीव जड झालाय का?"

ह्यांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाले, "नवा आणला तर बोट बंद पडायची नाय. मग मला रोज जावं लागंल. जुना असला की म्हणता येतं, आज आवाज येतोय, आज नको." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "मला पोहता येत नाय गं. त्या दिवसापासून डोळा मिटला की दगड दिसतात."

मला वाटत होतं घरात भित्री मी एकटीच. मी त्यांचा हात धरला, तो गार पडला होता.

आत जाऊन मी सांगितलं, "भाऊजी, हे आता बोट चालवणार नायत. जुना बांधा, नवा आणा, पण चालवायचं तुम्ही."

मला वाटलं, आता कडाडणार. त्यांनी हातातली जळकी प्लेट खाली ठेवली. "मी? मी तर आजवर तिच्यात पाय नाय ठेवला. माझी हिंमतच होत नाय."

लोकांची लेकरंबाळं आम्ही कुणाच्या हिमतीवर त्या पाण्यात नेत होतो, हे मनात आलं. मी तिथल्याच टायरवर बसले. चाचांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. जुना का नवा, हे नंतर कुणी विचारलंच नाय.