सुभेदाराच्या दोरीवरचं घर

सुमनकाकूच्या नव्या घराचं काम पायाशीच अडलं होतं. मी सिव्हिल इंजिनियर, म्हणून तिनं मला बोलावलं. मध्य प्रदेशातल्या सौंसरबाहेरची तिची वस्ती माझ्या खापरपणजोबांनी वसवलेली, आणि मी ती कधी पाहिली नव्हती. सुट्टी जोडून पुण्याहून निघाले; त्यांचा एखादा फोटो मिळेल, अशी आशाही होती.

नागपूरहून पांढुर्ण्यापर्यंत रेल्वे सोयीची आहे. स्टेशनबाहेर गरम आलुबोंडे खाऊन सौंसरची बस धरावी. वाटेत संत्र्याच्या बागा आणि कापूस. मंगळवार-शनिवार टाळा, जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी असते. मी शनिवारी गेले आणि उभ्यानं गेले.

खापरपणजोबा इंग्रजांच्या पलटणीत सुभेदार होते. पेन्शन घेऊन परतल्यावर गावच्या विहिरीवर पाणी भरू देईनात, म्हणून त्यांनी माळावर आधी विहीर खोदली. मग तिच्या कठड्यापासून दोरी ताणून छावणीसारखी घरांची रांग आखली. अजूनही नवा पाया त्याच दोरीवर धरतात. काकूचं तिथंच अडलं होतं. दोरी पाळली तर पुढच्या खोलीत तिचं शिलाईचं दुकान मावत नव्हतं, आणि घर चालतं ते दुकानावर.

"हातभर पुढं घेतलं तं काय बिघडते, आबाजी?" काकू म्हणाली.

"आज तू हात घेशीन, उद्या दुसरा कोणी अंगण घेईन," मोतीराम आबाजी म्हणाले. वस्तीतले सर्वांत वडीलधारे तेच. "दोरी म्हणजे दोरी, सुमन."

मी टेप लावून सगळी रांग तपासली. मधलं एक जुनं घर हातभर पुढे होतं. आबाजींना विचारलं.

"तिथं एक म्हातारी आधीच झोपडी टाकून राहे. सुभेदारानं तिले नाही हलवलं. दोरी हलवली."

"मंग मी कोणती तरणी राहिली?" काकू म्हणाली.

 आबाजींनी गल्लीची रुंदी नजरेनं मापली. मग म्हणाले, "बैलगाडी निघाली पाहिजे. तेवढं सोड, अन् घे."

बैलगाडी आता वस्तीत कुणाकडेच नाही. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची रुंदी धरून आखणी केली. सकाळी दोरीचं एक टोक आबाजींनीच धरलं.

पुण्याला परतल्यावर हिशेब केला, तर सुभेदारांचा फोटो मिळाला नाही, पलटणीचं नावही कुणाला सांगता आलं नाही. काकूची पुढची भिंत मात्र उठते आहे. आमच्या ऑफिसात रस्त्यांच्या नकाशांवर आखणीत येणाऱ्या घराला 'अडथळा' लिहितात. या आठवड्यात मी अशा एका घराबद्दल फोन करून तिथं कोण राहतं ते विचारलं, आणि 'अडथळा'ऐवजी ते नाव लिहिलं.